चार बाजू मोजल्या, तरी जमीन कळत नाही!

प्रतिनिधी

आमच्या परिचयातील एक निवृत्त गृहस्थ काही दिवसांपूर्वी एका कागदावर रेखाटलेली आकृती घेऊन आले. शहराबाहेर एक भूखंड विकत घेण्याचा त्यांचा विचार होता. आकृतीत चार वाकड्या बाजू होत्या आणि प्रत्येक बाजूवर तिची लांबी लिहिलेली होती. मध्यस्थाने समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून, त्या दोन सरासरींचा गुणाकार करून क्षेत्रफळ सांगितले होते आणि त्यावर किंमतही ठरवली होती. गृहस्थांचा प्रश्न साधा होता : "हिशेब बरोबर आहे ना?"

त्यांची नात त्या वेळी शेजारीच आठवीचे गणिताचे पुस्तक उघडून बसली होती. तिने आकृती पाहिली आणि विचारले, "आजोबा, यात कर्ण कुठे आहे?"

प्रश्न लहान होता, पण नेमका होता. कर्णाविना त्या भूखंडाचे क्षेत्रफळ मध्यस्थालाच काय, जगातील कोणत्याही गणितज्ञाला सांगता आले नसते. समलंब, पतंग, समांतरभुज, समभुज अशी चौकोनांची नावे आपण सर्वांनी शाळेत पाठ केली, परीक्षेत लिहिली आणि विसरलो. ही नावे आणि त्यांमागचे गुणधर्म नेमके कशासाठी होते, हे त्या कागदाच्या निमित्ताने पुन्हा समजून घेण्यासारखे आहे.

हलणारी आकृती

त्रिकोण आणि चौकोन यांत एक मूलभूत फरक आहे. तीन काठ्यांची टोके खिळ्यांनी जोडली, तर तयार होणारा त्रिकोण हलत नाही. तीन बाजू ठरल्या की त्याचे कोन ठरले, उंची ठरली आणि क्षेत्रफळही ठरले. चार काठ्यांची चौकट मात्र हाताने दाबली तर तिरकी होते. बाजू त्याच राहतात, पण कोन बदलतात आणि आतील जागा कमीजास्त होते. म्हणूनच सुतार फळ्यांच्या दाराला मागून तिरकी पट्टी ठोकतो. ती पट्टी म्हणजे कर्णच. ती बसली की चौकोनाचे दोन त्रिकोण होतात आणि दार डगमगायचे थांबते.

मुंबई-पुण्याच्या जुन्या इमारतींतील लिफ्टचा जाळीचा सरकता दरवाजा आठवावा. त्यातील प्रत्येक घर हा समभुज चौकोन असतो. दरवाजा ओढला की ही घरे रुंद होतात, ढकलला की चिंचोळी होतात. लोखंडी पट्ट्यांची लांबी रेसभरही बदलत नाही, बदलतात ते फक्त कोन आणि कर्ण.

भास्कराचार्यांनी 'लीलावती'मध्ये हीच गोष्ट आकड्यांनी दाखवली आहे. चारही बाजू २५ असलेला चौकोन घ्या. त्याचा एक कर्ण ३० असेल तर दुसरा ४० येतो आणि क्षेत्रफळ ६०० होते. एक कर्ण १४ धरला तर दुसरा ४८ येतो आणि क्षेत्रफळ ३३६ इतकेच उरते. चारही कोन काटकोन केले तर मात्र ते ६२५ होते. तिन्ही वेळा बाजू त्याच, पण क्षेत्रफळे वेगवेगळी. आणि ही तीनच क्षेत्रफळे शक्य आहेत असेही नाही. शून्यापासून ६२५पर्यंत कोणतेही क्षेत्रफळ त्या चार बाजूंतून घडवता येते.

समलंब या नावात काय आहे?

चौकोनाला बांधून ठेवायचे असेल, तर त्याच्यावर एखादी अट घालावी लागते. संमुख बाजूंची एक जोडी समांतर असणे ही अशीच एक अट. राज्य मंडळाच्या पाठ्यपुस्तकानुसार ज्या चौकोनात संमुख बाजूंची एकच जोडी समांतर असते, तो समलंब चौकोन. गंमत अशी की, 'समलंब' या नावात समांतर बाजूंचा उल्लेखच नाही. त्यात उल्लेख आहे तो लंबांचा. दोन रेषा समांतर असल्या की त्यांच्यातील लंबांतर सगळीकडे सारखे असते. वरच्या दोन शिरोबिंदूंपासून पायावर सोडलेले दोन्ही लंब सारखेच भरतात. 'समानलंब' हा शब्द भास्कराचार्यांच्या ग्रंथातही आढळतो. सूत्र विसरलेल्या विद्यार्थ्याने नुसते हे नाव फोडून पाहिले, तरी मोजायचे काय हे त्याला कळेल : मोजायचा तो लंब.

समलंब चौकोनाचे क्षेत्रफळ म्हणजे समांतर बाजूंच्या बेरजेच्या निम्म्याला उंचीने गुणून येणारी संख्या. आर्यभटांनी इ. स. ४९९ च्या 'आर्यभटीया'त हा नियम दिला आहे. त्यामागचे कारण मात्र त्याहूनही जुन्या शुल्बसूत्रांमध्ये दिसते. सोमयागासाठी आखली जाणारी महावेदी समद्विभुज समलंब चौकोनाच्या आकाराची असे. तिची पश्चिमेची बाजू ३०, पूर्वेची २४ आणि दोहोंमधील अंतर ३६ प्रक्रम. आपस्तंब शुल्बसूत्रात तिचे क्षेत्रफळ ९७२ दिले आहे आणि ते कसे येते तेही सांगितले आहे. एका बाजूचा काटकोन त्रिकोण कापायचा आणि उलटा करून दुसऱ्या बाजूला जोडायचा. समलंब आकृतीचा आयत होतो. त्याची रुंदी २७, लांबी ३६ आणि गुणाकार ९७२. कागद आणि कात्री घेऊन हा प्रयोग आठवीचा विद्यार्थी पाच मिनिटांत करू शकतो. एकदा तो केला, की सूत्र पाठ करण्याची गरज उरत नाही.

हा आकार आपल्या आजूबाजूला भरपूर आहे. कोकणातील चौपाखी कौलारू घराचे छप्पर पाहावे. त्याची दोन पाखी त्रिकोणी आणि दोन समलंब असतात. कालव्याचा आडवा छेद बहुधा समलंब असतो, कारण मातीची उभी भिंत ढासळते. ती तिरकी ठेवली तर टिकते. तळाशी २ मीटर, पाण्याच्या पातळीवर ५ मीटर आणि दीड मीटर खोल अशा कालव्यात पाण्याचा छेद सव्वापाच चौरस मीटर भरतो. पाणी सेकंदाला सरासरी एक मीटर वेगाने वाहत असेल, तर दर सेकंदाला ५,२५० लिटर पाणी पुढे जाते. कालव्याच्या पाण्याचा सगळा हिशेब या शालेय सूत्रावर उभा आहे.

भूखंडांच्या बाजारात तर समलंब चौकोनाला स्वतंत्र नावेच आहेत. रस्त्याकडे अरुंद आणि मागे रुंद असेल तो गोमुखी. रस्त्याकडे रुंद आणि मागे अरुंद तो व्याघ्रमुखी. शुभाशुभाची चर्चा बाजूला ठेवली, तरी येथे मोजणीची एक चूक हमखास होते. समजा, गोमुखी भूखंडाची पुढची बाजू ३० फूट, मागची ४८ फूट आणि दोन्ही तिरक्या बाजू ४१-४१ फूट आहेत. पुष्कळ जण ३९ ही सरासरी ४१ ने गुणून १,५९९ चौरस फूट असा हिशेब करतात. प्रत्यक्षात गुणायचे असते ते लंबाने. मागची बाजू पुढच्या बाजूपेक्षा १८ फुटांनी, म्हणजे दोन्ही अंगांना ९-९ फुटांनी अधिक आहे. कर्ण ४१ आणि पाया ९ असलेल्या काटकोन त्रिकोणाची उंची ४० येते. म्हणून खरे क्षेत्रफळ ३९ गुणिले ४०, म्हणजे १,५६० चौरस फूट. तिरकी बाजू आणि लंब यांत एका फुटाचाच फरक, पण त्यापायी ३९ चौरस फुटांची किंमत जास्त मोजावी लागते.

पतंग आणि कर्णांचे नाते

समलंब चौकोनाची ओळख समांतर बाजूंवरून पटते, तर पतंगाची कर्णांवरून. ज्या चौकोनाचा एक कर्ण दुसऱ्या कर्णाचा लंबदुभाजक असतो, तो पतंग. त्याच्या लगतच्या बाजूंच्या दोन जोड्या समान असतात आणि त्या लंबदुभाजक कर्णावर घडी घातली तर दोन्ही भाग एकमेकांवर तंतोतंत बसतात. संक्रांतीच्या पतंगात उभी काडी हा तो घडीचा कर्ण. दोन्ही बाजूंचे वजन आणि कागद सारखा राहावा, यासाठी ही सममिती हवीच. एका बाजूला कागद जास्त झाला की पतंग त्या अंगाला झुकतो आणि मग शेपटी लावावी लागते, हे गच्चीवर उभ्या असलेल्या कोणत्याही मुलाला ठाऊक असते.

येथे मुलांना एक शंका येते. पुस्तकातील पतंग खाली निमुळता होत जाणारा असतो, तर आपल्याकडे बाजारात मिळणारा पतंग कोपऱ्यावर उभ्या केलेल्या चौरसासारखा दिसतो. मग त्याला भूमितीत पतंग म्हणायचे की नाही? उत्तर 'होय' असे आहे. चौरसातही एक कर्ण दुसऱ्याचा लंबदुभाजक असतोच. व्याख्येतील अट पूर्ण झाली की ती आकृती त्या कुळात आली. अधिकचे गुण अंगी असल्यामुळे ती कुळाबाहेर जात नाही. याच न्यायाने प्रत्येक चौरस हा आयत आहे, समभुज चौकोन आहे आणि समांतरभुज चौकोनही आहे. 'चौरस हा आयत आहे का?' या प्रश्नाला 'नाही' असे उत्तर देणारी मुले चित्राकडे पाहतात, व्याख्येकडे पाहत नाहीत.

समलंब चौकोनाच्या बाबतीत मात्र व्याख्येतील एका शब्दाने फरक पडतो. 'एकच जोडी समांतर' असे म्हटले तर समांतरभुज चौकोन समलंब ठरत नाही. 'किमान एक जोडी समांतर' असे म्हटले तर तो ठरतो. दोन्ही व्याख्या जगात प्रचलित आहेत. विद्यार्थ्याने आपल्या पुस्तकातील व्याख्या पाहावी आणि शेवटपर्यंत तीच पाळावी, एवढाच यातील मथितार्थ. परदेशातील मराठी पालकांना आणखी एका घोटाळ्याला तोंड द्यावे लागते. भारतात आणि ब्रिटनमध्ये ज्याला 'ट्रॅपिझियम' म्हणतात, त्याला अमेरिकेत 'ट्रॅपिझॉइड' म्हणतात. आजी-आजोबा आणि नातवंडे एकाच आकृतीवरून वाद घालत असतील, तर चूक दोघांचीही नसते.

चौकोनांचे हे सारे कूळ लक्षात ठेवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे कर्ण पाहणे. कर्ण परस्परांना दुभागत असतील तर चौकोन समांतरभुज. दुभागणारे कर्ण समान असतील तर आयत. दुभागणारे कर्ण परस्परांना लंब असतील तर समभुज. तिन्ही गोष्टी असतील तर चौरस. दोन्ही कर्ण नव्हे, तर एकच कर्ण दुसऱ्याला काटकोनात दुभागत असेल तर पतंग.

परीक्षेत चुका होतात त्या अट अर्धीच वाचल्यामुळे. 'कर्ण समान आहेत, म्हणून तो आयत' हे विधान चूक आहे, कारण समद्विभुज समलंब चौकोनाचेही कर्ण समान असतात. 'कर्ण परस्परांना लंब आहेत, म्हणून तो समभुज' हेही चूक, कारण पतंगाचेही कर्ण लंब असतात. परस्परांना दुभागण्याची अट सोडली की निष्कर्ष ढासळतो.

घरबांधणीच्या जागेवर गवंडी हेच प्रमेय रोज वापरतो. पायाची आखणी करताना तो समोरासमोरच्या बाजू सारख्या करतो आणि मग दोरीने दोन्ही कर्ण मोजून पाहतो. कर्ण जुळले की खोली काटकोनात आहे अशी त्याची खात्री पटते. बाजू समान असल्याने आकृती समांतरभुज झाली आणि कर्ण समान असल्याने तिचा आयत झाला. हातातील गुण्या लहान असतो. पंधरा फुटांच्या भिंतीवर त्याची बारीक चूक मोठी होते. कर्णांची पारख मात्र अशी फसत नाही.

भास्कराचार्यांचा राग

आता मध्यस्थाच्या हिशेबाकडे वळू. समोरासमोरच्या बाजूंच्या सरासरींचा गुणाकार ही युक्ती नवी नाही. इजिप्तमधील एडफू येथील होरसच्या मंदिरावर शेतजमिनींच्या नोंदी कोरलेल्या आहेत. ख्रिस्तपूर्व काळातील त्या नोंदींमध्येही क्षेत्रफळ याच रीतीने काढले आहे. आपल्याकडे ब्रह्मगुप्तांनी इ. स. ६२८ मध्ये लिहिलेल्या 'ब्राह्मस्फुटसिद्धान्ता'त ही रीत दिली, पण तिला स्थूल, म्हणजे ढोबळ म्हटले. तिच्या जोडीला त्यांनी सूक्ष्म रीतही दिली : चारही बाजूंच्या बेरजेचे निम्मे करावे, त्यातून प्रत्येक बाजू वजा करावी, येणाऱ्या चार संख्यांचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ काढावे.

हे सूत्र सुंदर आहे, पण ते सर्व चौकोनांना लागू पडत नाही. ज्याचे चारही शिरोबिंदू एकाच वर्तुळावर असतात, अशा चक्रीय चौकोनालाच ते लागू पडते. दहावीच्या विद्यार्थ्याला चक्रीय चौकोनाची ओळख असते : त्याच्या संमुख कोनांची बेरीज १८० अंश असते. आयत, चौरस आणि समद्विभुज समलंब चौकोन हे नेहमीच चक्रीय असतात. पतंग मात्र त्याचे दोन संमुख कोन काटकोन असतील तरच.

ही मर्यादा स्पष्ट शब्दांत मांडली ती भास्कराचार्यांनी. इ. स. १११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' हा ग्रंथ ११५० मध्ये पूर्ण केला आणि 'लीलावती' हा त्याचाच भाग मानला जातो. महाराष्ट्राशी त्यांचे नाते आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे असलेल्या शिलालेखात त्यांच्या घराण्याची माहिती मिळते. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी तेथे मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे.

'लीलावती'त या प्रश्नावर भास्कराचार्यांचा संयम सुटलेला दिसतो. लंब किंवा कर्ण यांपैकी एकही न सांगता जो चौकोनाचे निश्चित क्षेत्रफळ विचारतो, तो पिशाच म्हटला पाहिजे, आणि जो त्याचे उत्तर देतो तो त्याहूनही मोठा पिशाच, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे आहे. चौकोनाची स्थिती अनिश्चित असते, हे त्या दोघांनाही कळत नाही, हा त्यांचा आक्षेप. नवशे वर्षांपूर्वीचे हे शब्द आजच्या भूखंडांच्या व्यवहारालाही तंतोतंत लागू पडतात.

त्यांनी चर्चेला घेतलेले एक उदाहरण पाहू. चौकोनाचा पाया ६०, समोरची बाजू, म्हणजे मुख, २५ आणि उरलेल्या दोन बाजू ५२ व ३९. पूर्वीच्या आचार्यांनी याचे कर्ण ५६ आणि ६३ सांगितले होते. भास्कराचार्यांनी विचारले : याच बाजूंचे दुसरे कर्ण का असू नयेत?

हेच आकडे फूट समजून आपण भूखंडाचा हिशेब करू. मध्यस्थाच्या रीतीने ६० व २५ यांची सरासरी साडेबेचाळीस, ५२ व ३९ यांची सरासरी साडेपंचेचाळीस. गुणाकार १,९३३.७५ चौरस फूट.

आता कर्ण ५६ फूट भरला असे समजू. भूखंडाचे दोन त्रिकोण झाले : एक ६०, ५२, ५६ बाजूंचा आणि दुसरा २५, ३९, ५६ बाजूंचा. पहिल्याची अर्धपरिमिती ८४. तीतून बाजू वजा केल्यावर २४, ३२ आणि २८ उरतात. ८४, २४, ३२, २८ यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ १,३४४. दुसऱ्याची अर्धपरिमिती ६०. वजाबाक्या ३५, २१, ४ आणि उत्तर ४२०. एकूण १,७६४ चौरस फूट. पडताळ्यासाठी ६३ फुटांचा दुसरा कर्ण घेतला, तर त्रिकोण १,१३४ आणि ६३० चौरस फुटांचे येतात आणि बेरीज पुन्हा १,७६४ होते. या चौकोनाचे कर्ण परस्परांना लंब आहेत. त्यामुळे पतंगाप्रमाणेच कर्णांच्या गुणाकाराचे निम्मे केले, तरी ५६ गुणिले ६३ भागिले २ म्हणजे १,७६४ हेच उत्तर मिळते.

पण जागेवर टेप लावल्यावर तोच कर्ण ५६ ऐवजी ४० फूट भरला तर? बाजू त्याच, कागदही तोच. आता पहिला त्रिकोण सुमारे १,०२५ आणि दुसरा ४६८ चौरस फुटांचा. एकूण १,४९३ चौरस फूट. मध्यस्थाच्या आकड्यापेक्षा तब्बल ४४० चौरस फूट कमी. चौरस फुटाला दोन हजार रुपये दर धरला, तर ग्राहकाने पावणेनऊ लाखांहून अधिक रुपये अस्तित्वात नसलेल्या जमिनीसाठी मोजलेले असतील.

चूक नेहमी एकाच दिशेने

सरासरीच्या रीतीची चूक कधी इकडे, कधी तिकडे होत असती, तर ती एक वेळ सोडून देता आली असती. पण ती तशी होत नाही. ही रीत क्षेत्रफळ नेहमी जास्तच दाखवते, कमी कधीही नाही.

याचे कारण समजायला अवघड नाही. दोन बाजू दिलेल्या असताना त्रिकोणाचे क्षेत्रफळ जास्तीत जास्त किती होऊ शकते? त्या बाजूंमध्ये काटकोन असेल तेव्हा, म्हणजे त्यांच्या गुणाकाराच्या निम्मे. कोन काटकोनापेक्षा लहान वा मोठा झाला की क्षेत्रफळ घटते. चौकोनाचे दोन कर्णांनी दोन प्रकारे तुकडे करता येतात आणि एकूण चार त्रिकोण मिळतात. त्या चौघांची बेरीज चौकोनाच्या दुप्पट भरते. सरासरीची रीत म्हणजे या चारही त्रिकोणांना काटकोन त्रिकोण मानणे. चारही कोपरे खरोखर काटकोनात असतील, म्हणजे भूखंड आयत वा चौरस असेल, तरच ती अचूक ठरते. इतर प्रत्येक वेळी आकडा फुगतो आणि कोपरे जितके तिरके तितका अधिक फुगतो. विकणाऱ्याला ही रीत प्रिय का वाटावी आणि घेणाऱ्याने तिच्यापासून सावध का राहावे, हे यावरून स्पष्ट होते.

दुसरी एक गोष्टही लक्षात ठेवण्याजोगी आहे. दिलेल्या चार बाजूंनी जास्तीत जास्त जागा वेढायची असेल, तर चौकोन चक्रीय असावा लागतो. म्हणजे ब्रह्मगुप्तांचे सूत्र त्या बाजूंची कमाल मर्यादा सांगते. वरील भूखंड १,७६४ चौरस फुटांपेक्षा मोठा असूच शकत नाही. कर्ण मोजण्याची सोय नसेल, तेव्हा निदान ही मर्यादा तरी तपासता येते. सांगितलेले क्षेत्रफळ तिच्याही वर जात असेल, तर तो आकडा चूक आहे, असे घरबसल्या छातीठोकपणे म्हणता येते.

साखळीपासून उपग्रहापर्यंत

जमीन मोजणाऱ्यांना हे सत्य पूर्वीपासून ठाऊक आहे. महाराष्ट्रातील जुनी मोजणी शंकू-साखळीने झाली. साखळी ३३ फुटांची आणि तिचे सोळा आणे. एका साखळीचा चौरस म्हणजे १,०८९ चौरस फूट, अर्थात एक गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. शेताच्या आरपार एक मुख्य रेषा आखायची, शंकूच्या साह्याने तिच्यावर प्रत्येक कोपऱ्यापासून काटकोनात लंब घ्यायचा आणि ते मोजायचे. अशा रीतीने कितीही वेडेवाकडे शेत काटकोन त्रिकोण आणि समलंब चौकोनांमध्ये विभागले जाते. दोन लगतचे लंब परस्परांना समांतर असतात, म्हणून मधला तुकडा समलंबच असतो. शाळेतील समलंब चौकोनाचे सूत्र सरकारी मोजणीच्या वहीत उतरले ते असे.

पुढे फलक यंत्र आले, मग इलेक्ट्रॉनिक यंत्रे आली आणि आता उपग्रहांच्या साह्याने कोपऱ्यांचे स्थान निश्चित करणारी यंत्रेही आली. साधने बदलली, तत्त्व बदललेले नाही. बाजूंच्या लांबीवर विसंबून न राहता प्रत्येक कोपरा नेमका कोठे आहे हे ठरवणे, म्हणजेच चौकोनाला हलू न देणे, हे ते तत्त्व.

सर्वसामान्य ग्राहकाने काय करावे? चार बाजूंबरोबर किमान एक कर्ण स्वतः टेप लावून मोजावा. दोन्ही मोजले तर उत्तम, कारण दुसऱ्यामुळे पहिल्याचा पडताळा होतो. दोन त्रिकोणांची क्षेत्रफळे वर दाखवलेल्या रीतीने काढून बेरीज करावी. भूखंड समलंब आहे असे सांगितले जात असेल, तर तिरकी बाजू नव्हे, समांतर बाजूंमधील लंब विचारावा. ही घरगुती तपासणी झाली. व्यवहार करण्यापूर्वी भूमी अभिलेख विभागाची अधिकृत मोजणी आणि तिच्या नकाशाची 'क' प्रत यांना पर्याय नाही. पण मोजणीला अर्ज करण्याआधीच आकड्यात गडबड आहे का, हे ओळखायला आठवीचे गणित पुरते.

आमच्या परिचयातील गृहस्थांनी तेच केले. पुढच्या रविवारी ते नातीला आणि लांब टेपला बरोबर घेऊन जागेवर गेले. एक टोक तिने धरले, दुसरे त्यांनी आणि भूखंडाचा कर्ण मोजला. परत आल्यावर दोघांनी मिळून दोन त्रिकोणांचा हिशेब केला. उत्तर कागदावरील आकड्यापेक्षा कमी आले. गृहस्थांनी मध्यस्थाला फोन करून अधिकृत मोजणी झाल्याखेरीज पुढचे बोलणे होणार नाही, असे कळवले.

नातीच्या वहीत त्या दिवशी नेहमीच्या उदाहरणांच्या खाली आणखी एक आकृती काढलेली होती. बाजूंची मापे तीच होती, जी त्या कागदावर होती. फरक इतकाच की, मधून एक तिरकी रेघ ओढलेली होती आणि तिच्यावर तिची लांबी लिहिलेली होती.